जुन्या ट्रॅव्हलर मोटरहोमचं इंजिन घरच्या घरी कसं उतरवायचं

आधी एक नक्की करा, इंजिन खरंच खाली घ्यायला लागणार आहे का. क्लच घसरत असेल तर नुसता गिअरबॉक्स उतरवून काम होतं, हेड गॅस्केट गेलं असेल तर हेड गाडीतच निघतं, आणि गाडी धूर टाकते, घाटात ओढत नाही एवढ्यावरून कुणी "इंजिन खोलावं लागेल" म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. एअर फिल्टर बघा, नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) चेक करून घ्या, व्हॉल्व्हचं सेटिंग करून घ्या (एखादा व्हॉल्व्ह टाइट राहिला तरी कॉम्प्रेशन कमी दाखवतं) आणि मग डिझेल इंजिनासाठीच्या कॉम्प्रेशन गेजने कॉम्प्रेशन मोजा. हे २.४ लिटरचं इंजिन धडधाकट असेल तर २२ ते २४ बार दाखवतं, १५ च्या खाली गेलं किंवा दोन सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक आला की समजायचं काम आतलं आहे. दुसरं खरं कारण म्हणजे मागच्या बाजूने क्रँकपाशी गळणारं ऑइल, तिथे या इंजिनाला दोरीचं सील असतं आणि ते व्यवस्थित बदलायचं तर क्रँक बाहेर काढावा लागतो, म्हणजे इंजिन खालीच.

मी बोलतोय ती गाडी म्हणजे आपल्या आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची जुनी ट्रॅव्हलर, १९८७ ला आलेली, मूळ डिझाइन मर्सिडीजच्या ब्रेमेनमध्ये बनणाऱ्या व्हॅनचं आणि आतलं इंजिन ओएम ६१६, साधारण २४०० सीसी, चार सिलिंडर, जे १९७३ साली मर्सिडीजने २४० डी कारमध्ये आणलं होतं. कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झालं पण गॅरेजमध्ये अजून "टेम्पो" च म्हणतात. हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की हेच इंजिन त्याच कंपनीच्या ट्रॅक्स गाडीत पण होतं, त्यामुळे पार्टसाठी पुण्यात नाना पेठेत विचारताना मोटरहोम वगैरे सांगत बसू नका, "ट्रॅक्सचं जुनं मर्सिडीज इंजिन" म्हणा, समोरच्याला लगेच कळतं. आणि कागदोपत्री आपली गाडी व्हिंटेज नाहीये हेही लक्षात असू द्या, २०२१ च्या नियमानुसार पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झाली की व्हिंटेज, तोवर फिटनेस, आरसी सगळं नेहमीसारखंच.

आता मुद्द्याचं. या कामात इंजिन हा सोपा भाग आहे. ट्रॅक्सचं इंजिन दोन मिस्त्री चहा पितापिता उतरवतात. मोटरहोममध्ये वेळ जातो तो इंजिनाला नंतर कुणीकुणी जोडलेल्या गोष्टींमध्ये, कारण गाडी आधी स्कूल व्हॅन असते, मग टुरिस्ट, मग कुणीतरी आत बेड, ओटा, पाण्याची टाकी बसवतं, मागची बॅटरी चार्ज व्हावी म्हणून डायनामोपासून वायर ओढतं, वरून एसीचा कॉम्प्रेसर लावतं, आणि याचा नकाशा कुणाकडेच नसतो. म्हणून पहिला दिवस पाना हातात घ्यायचाच नाही. इंजिनवरचं कव्हर काढायचं (त्यावर कुणी टेबल किंवा फिरती सीट बसवली असेल तर ती आधी), मोबाईल घ्यायचा आणि प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप कुठून निघतो आणि कुठे जातो ते हाताने चाचपत, बोलत व्हिडिओ काढायचा. "ही लाल जाड वायर डायनामोवरून सीटखाली रिलेत जाते" असं मोठ्याने बोला, इंजिन परत बसवायला दोन महिने लागले तर तुमचाच आवाज तुम्हाला रस्ता दाखवेल.

जागेचं बोलू. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी कमिटीला सांगून ठेवा, कारण गाडी तिथे तोंड उघडं टाकून बरेच दिवस उभी राहणार आहे. पेव्हर ब्लॉकवर क्रेनची छोटी चाकं रुततात आणि वजन लटकत असताना क्रेन रुतणं ही फार वाईट गोष्ट आहे, खाली जाड प्लायवूड किंवा लोखंडी पत्रा टाका, कोबा असेल तर उत्तम. उतार अजिबात नको. धायरी, वाघोलीकडे कुणाचं शेड ओळखीत असेल तर मी म्हणेन तिथेच करा. आणि पावसाळ्यात करू नका, जून ते सप्टेंबर उघडं इंजिन आणि उघडं केबिन दोन्ही सांभाळता येत नाही, दिवाळीनंतर कोरडी हवा असते तेव्हा निवांत होतं.

सामानात शॉप क्रेन भाड्याने आणा. दोन टनाची क्रेन दोन टन उचलते ते हात आखूड असताना, हात पूर्ण लांब केला की तीच साधारण पाचशे किलोवर येते, क्रेनच्या हातावर प्रत्येक भोकापाशी आकडा लिहिलेला असतो तो वाचा. इंजिन दोनशे किलोच्या वर धरून चाला. चेन ब्लॉक छताला टांगायचा विचार असेल तर घराच्या स्लॅबच्या पंख्याच्या हुकाला चुकूनही टांगू नका, तो हुक त्यासाठी नाही. बाकी लोखंडी घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), दोन चांगले जॅक, १३, १७, १९ चे रिंग पाने आणि सॉकेट, लांब टॉमी, वायर ब्रश, लाकडी गुटके, ट्रे, पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर. साखळी, डी शॅकल बोहरी आळीत नवी घ्या, जुन्या बाजारातून पाने घ्या खुशाल, पण वजन उचलायची वस्तू जुनी घेऊ नका. आणि श्रीखंडाचे रिकामे डबे साठवा, बोल्टसाठी त्यासारखं काही नाही, प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या डब्यात आणि झाकणावर मार्करने नाव.

काम सुरू करताना आधी घर रिकामं करायचं, मग गाडी. गॅसचा सिलिंडर बाहेर. पाण्याची टाकी रिकामी, कारण पुढून दोनशे किलो कमी झाले की सगळा तोल मागे जातो आणि मागे आधीच फर्निचर आहे. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके. मग करंट. इथे नुसती पुढची बॅटरी काढून भागत नाही, मागे घरची बॅटरी असते, आणि छतावर सोलर असेल तर दिवसा तो कंट्रोलरमधून करंट पाठवतच राहतो, म्हणून क्रम असा ठेवा, आधी सोलर पॅनेल कंट्रोलरपासून वेगळं करा, मग इन्व्हर्टर बंद, मग मागच्या बॅटरीची निगेटिव्ह, मग पुढच्या बॅटरीची निगेटिव्ह, आणि त्यानंतर डायनामोच्या जाड टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावून बघा. लॅम्प लागला तर कुठूनतरी अजून येतंय, ते सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी पाहिलेल्या एका गाडीत जुन्या मालकाने मागच्या बॅटरीची वायर थेट सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) टर्मिनलला आणून लावली होती, मध्ये फ्यूज नाही, रिले नाही, वर इन्सुलेशन टेप आणि त्यावर इंजिनाच्या तेलाचा थर. पुढची बॅटरी गाडीतून उचलून बाजूला ठेवली तरी ती वायर जिवंतच. तिथे पाना अडकला असता तर वेल्डिंगच झालं असतं.

वायरींना नावं लिहिताना नुसती मास्किंग टेप चालत नाही, तेलाने अक्षर पुसतं. टेपवर नाव लिहून वरून पारदर्शक सेलोटेप गुंडाळा. सेल्फ, डायनामो, हीटर प्लग, टेंपरेचर, ऑइल प्रेशर, आणि कुणी नंतर लावलेलं काहीबाही, सगळ्याला दोन्ही टोकांना सारखं नाव. हीटर प्लगच्या पट्ट्यांचे छोटे नट हमखास पडतात, खाली कपडा अंथरा.

मग पाणी आणि ऑइल काढा, दोन्हीसाठी वेगळे टब, इंजिन गार असताना. कूलंट रेडिएटरखालून निघतं आणि ब्लॉकच्या बाजूला पण प्लग असतो, तो उघडला नाही तर नंतर इंजिन उचलताना सगळं तुमच्या अंगावर. इंजिन ऑइल साडेसहा लिटरच्या आसपास निघेल. जुनं कूलंट गोडसर लागतं आणि ते विषारी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात, उघडं ठेवू नका. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून अधिकृतपणे जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या, गटारात ओतलं की ते मुठा नदीतच जातं.

पुढचं तोंड उघडायचं काम दिसायला भयंकर आणि करायला सोपं आहे. जाळी, बंपर, मग रेडिएटरचे होज पाइप, रेडिएटर, पंखा. रेडिएटर ज्या आडव्या पट्ट्यावर बसतो तो बोल्टवर असेल तर काढून टाका, पूर्ण रस्ता मोकळा होतो. पण जुन्या गाडीला कधीतरी ठोकर बसलेली असते आणि कुणीतरी तो पट्टा वेल्डिंग मारून ठेवलेला असतो, तसं असेल तर कापायची घाई करू नका, आधी मोजमाप घ्या की पंखा, पुली काढल्यावर इंजिन वरून निघतंय का. एसी किंवा पॉवर स्टिअरिंगचा पंप असेल तर पाइप सोडू नका, पंप किंवा कॉम्प्रेसर ब्रॅकेटवरून सोडवून पाइपांसकट बाजूला चेसिसला बांधून ठेवा, गॅस वाचतो, तेल वाचतं.

डिझेलचे पाइप. टाकीकडून फीड पंपाला येणारा आणि नोझलवरून परत जाणारा, दोन्ही काढून त्यांच्या तोंडात बोल्ट घालून क्लिप आवळा, नाहीतर रात्रभर थेंबथेंब गळत राहतं. पंप आणि नोझल यांच्यामधले चार लोखंडी पाइप काढायचेच नाहीत, ते इंजिनासोबत जाऊ द्या. आणि जिथे जिथे डिझेलचं तोंड उघडं पडतं तिथे लगेच स्वच्छ कॅप किंवा प्लास्टिक बांधा, चिंधी कोंबू नका, चिंधीचा एक धागा पंपात गेला तरी तो नोझलपर्यंत पोचतो. ॲक्सिलरेटरचा रॉड, इंजिन बंद करायची केबल, ब्रेक बूस्टरला जाणारा व्हॅक्यूमचा पाइप, हीटरचे दोन पाइप (हे मागच्या बाजूला असतात आणि दिसत नाहीत).

सायलेन्सरचा पुढचा पाइप जिथे मॅनिफोल्डला बसतो ते तीन-चार नट हा या अख्ख्या कामातला सगळ्यात हट्टी प्रकार. वर्षानुवर्षं तापून तापून नट आणि स्टड एकजीव झालेले असतात, बाहेरून नुसता गंजाचा गोळा दिसतो. त्यावर जोर लावायचा नाही. आदल्या दिवशी वायर ब्रशने गंज झाडून आटे मोकळे करा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्री परत मारा. सकाळी सहा बाजूंचं सॉकेट घट्ट बसवा, बारा बाजूंचं नको, ते कोपरे खातं. आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, आवळताना 'कट' असा बारीक आवाज आला की गंज तुटला, मग पाव फेरा सोडा, परत थोडं आवळा, परत तेल, असं पुढे मागे करत आणा. नट सैल न होता पिळल्यासारखा, रबरी लागायला लागला तर थांबा, स्टड तुटायच्या बेतात आहे. अशा वेळी नट छन्नीने उभा फोडणं स्वस्त पडतं, तुटलेला स्टड मॅनिफोल्डमधून काढण्यापेक्षा. ज्योतीने तापवायची सवय काही मिस्त्रींना असते, पण शेजारी डिझेलचे पाइप आणि मागे लाकडी फर्निचर असताना घरी हे करू नका.

आता गिअरबॉक्स. काही जण इंजिन-गिअरबॉक्स एकत्र काढतात, घरी मी ते सुचवणार नाही, लांबी वाढते, तोल मागे जातो आणि क्रेनला तेवढं वर उचलायला जागा मिळत नाही. आधी गिअरबॉक्स खालून उतरवा. गाडी पुढून उचलून चेसिसखाली घोड्या लावा, जॅकच्या भरवशावर खाली झोपायचं नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही. प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर रंगाने एक सरळ रेघ मारा म्हणजे बसवताना त्याच जागी बसेल, नाहीतर गाडी ठराविक स्पीडला थरथरते. स्पीडोमीटरची केबल, गिअरचे रॉड, रिव्हर्स लाइटची वायर. क्लचचा खालचा सिलिंडर बेल हाऊसिंगवरून (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं घंटेसारखं कव्हर) बोल्ट काढून पाइपासकट बाजूला बांधा, आणि घरात सगळ्यांना सांगा की क्लच पेडल कुणी दाबायचं नाही, लहान मुलं स्टिअरिंगवर बसतातच, पेडल दाबलं की पिस्टन बाहेर उडतो. मागचा आडवा सपोर्ट काढायच्या आधी इंजिनाच्या चेंबरखाली (तळाच्या ऑइलच्या डब्याखाली) फळी ठेवून जॅक टेकवा, कारण सपोर्ट गेला की इंजिन मागे झुकतं. बेल हाऊसिंगचे बोल्ट निघाले की दोघांनी मिळून गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा, शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याचं वजन खाली लोंबू द्यायचं नाही, क्लच प्लेट वाकते.

इंजिन उचलायला हेडच्या पुढे आणि मागे उचलायच्या कड्या असतात, साखळी तिथेच. कड्या हरवल्या असतील तर तशाच मिळवा किंवा जाड पट्टीच्या बनवून घ्या, मॅनिफोल्डला किंवा पंपाला साखळी गुंडाळून कुणी उचलू नका. साखळी जेवढी आखूड तेवढं बरं, कारण काचेखालचा पत्रा आडवा येतो आणि क्रेनचा हात त्याच्या खालूनच आत जातो. आधी साखळी नुसती ताठ करा, मग दोन्ही बाजूंच्या फाउंडेशनचे (इंजिन चेसिसवर ज्या रबरी माउंटिंगवर बसतं त्यांचे) बोल्ट काढा, मग दोन-तीन सेंटिमीटर उचला आणि थांबा. सगळ्या बाजूंनी टॉर्च मारून बघा. इंजिन वर यायला नाही म्हणत असेल तर क्रेनचा दांडा अजून मारू नका, काहीतरी अजून जोडलेलं आहे. बहुतेक वेळा ती इंजिन ते चेसिस जाणारी अर्थची पट्टी असते, नाहीतर हीटरचा मागचा पाइप, नाहीतर मागच्या बॅटरीवाल्याची एखादी वायर.

या वेळी तीन माणसं पाहिजेत. एक क्रेनवर, एक इंजिनाला हात लावून दिशा देणारा, एक केबिनमध्ये बसून मागची बाजू बघणारा. बोलायचं फक्त एकाने, "थांब" मात्र कुणीही म्हणू शकतं. थोडं वर, थोडं पुढे, परत थोडं वर, चेंबर पुढच्या पट्टीवरून पार झालं की क्रेन सरळ मागे ओढायची आणि इंजिन लगेच खाली आणायचं, लटकलेल्या इंजिनाचे फोटो काढत बसू नका. जमिनीवर चेंबरवर टेकवू नका, पत्र्याचं असेल तर चेपतं, दोन्ही बाजूंना लाकडी गुटके लावून किंवा जुन्या टायरवर ठेवा.

बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंगला भोसरीकडे न्यायचं असेल तर छोटा हत्ती बोलवा आणि नेण्याआधी इंजिन नंबरचा स्वच्छ फोटो काढून ठेवा. ब्लॉकच बदलायची वेळ आली तर नंबर बदलतो आणि आरसीवर तो नोंदवावा लागतो, आरटीओत आधी विचारा, मग दुसरा ब्लॉक विकत घ्या, आणि घेताना त्याची कागदपत्रं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंजिन बाहेर असताना जी जागा रिकामी झालीये ती परत कधी मिळणार नाही. ब्रेकचे पाइप, क्लचचा पाइप, हीटरचे होज, स्टिअरिंगची जोडणी, सगळं आत्ता हाताला येतं. केरोसिनने घासून घ्या, गंज बघा, फाउंडेशनची रबरं नवी घालाच, जुनी चांगली दिसली तरी. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आत्ताच. इंजिनाच्या कव्हरला आतून उष्णता अडवणारा थर नवा लावा, मोटरहोममध्ये त्या कव्हरशेजारी माणूस झोपतो. आणि त्या मागच्या बॅटरीच्या वायरिंगला रिले आणि दोन्ही टोकांना फ्यूज टाकून, नवा नकाशा कागदावर काढून, प्लास्टिकमध्ये घालून गाडीच्या कागदांसोबत ठेवा.

मधल्या काळात गाडी ढकलायची वेळ आली तर लक्षात ठेवा, ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप इंजिनासोबत गेलाय, ब्रेक लागतो पण दगडासारखा कडक, त्यामुळे उताराकडे तोंड करून ढकलू नका, हँडब्रेक आधी तपासा आणि एक जण गुटका घेऊन चाकासोबत चालू द्या.